चोरीची म्हणून घेतलेली म्हैस

१

रूपाबाईची म्हैस चोरीला गेली न्हाई. चोरीची म्हणून घेतली व्हती, म्हणून गेली. ह्यात फरक काय, हे समजायला मला लई हेलपाटे पडले, जीपचं डिझेल जळालं ते येगळंच.

मी ग्यानबा. गोरेगाव ते सेनगाव काळी-पिवळी चालवतो. रूपाबाई गोरेगावातल्या हाटेलांना दूध घालायची. एक दिवस सकाळी रिकामा कॅन मांडीवर घेऊन माझ्या जीपमधी बसली, उतरायचं नावच घेईना.

"मावशी, कॅन रिकामा काहून?"

"म्हैस गेली रे."

"मेली?"

"मेली असती तर रडता तरी आलं असतं."

मंग हळूहळू सांगितलं. मागल्या पंधरवड्यात एक माणूस पहाटंच्या पारी पांदीच्या रस्त्यानं म्हैस घेऊन आला. तोंडाला दस्ती बांधलेली. म्हणला, "ताई, लवकर बोला. वाशिमकडून आणलीय. कोणाची ते इचारू नका. निम्म्यात देतो." रूपाबाईच्या गोठ्यात खुंटा रिकामा, हाटेलवाले दुधासाठी दारात. घेतली तिनं.

आन् काल एक म्हातारा टेंपो घेऊन आला. संगं दोन माणसं. गोठ्यात डोकावला आन् मटकन खाली बसून ढसाढसा रडाया लागला. "माझी चंद्री! माझी चंद्री!" ठाण्यात जायाचं न्हाई म्हणला, ताई तुमी बी लेकराबाळाच्या, माझी म्हैस तेवढी द्या. रूपाबाईनं आपल्या हातानं सोडून दिली. बोलायची सोयच न्हाई. बोलंल तर चोरीचा माल घेतला म्हणून हिलाच आत टाकतील.

"त्याला पत्ता कोणी दिला पर?" म्या इचारलं.

"दुसरं कोण? चाँद पाशानं. त्या पहाटं म्या बोलावून घेतला, त्यानंच दात पाहिले व्हते. म्हैस चांगली हाय म्हणला, म्हणून तर घेतली म्या."

पाशानं दात पाहिलेल्या म्हशीचा मालक आला, एवढी गोष्ट दुपारपर्यंत गोरेगावभर झाली. चाँद पाशा म्हंजे आमच्या बाजारातला जनावराचा दलाल. बाप दलाल, आजा दलाल. त्यानं दात पाहून वय सांगितलं की दोन्हीकडची माणसं भांडण मिटवून चहा प्यायला जायाची. त्या आठवड्याच्या बाजारात पाशाभाई सकाळपासून लिंबाखाली उभा राहिला आन् एक माणूस त्याच्याकडं फिरकला न्हाई. एका पोरानं तर लांबून म्हणलं, "पाशाभाई, हिचे दात पाहू नका, उद्या तिचा मालक यील!"

सांजच्याला पाशाभाई माझ्या जीपपाशी आला. "ग्यानबा, पुढच्या बाजाराच्या दिवशी मला हिंगोलीला सोड. शहनाजकडं जातो. ऐसा मुंह लेके हितं राहून काय करू?"

सत्तर वर्षांचा माणूस. गाव सोडून लेकीच्या दारात निघाला व्हता.

२

पुसेगावच्या अलीकडं एक वाडी हाय. तिथं रुख्मिणीबाई राहती. लई साल पोलीस पाटील व्हती. आता पाटीलकी सुटली, गुडघे गेले, पर डोस्कं हाय तसंच. म्या तिच्या दारात जीप लावली.

"ये. बस. आन् कोणाचं गाऱ्हाणं असंल तर तसाच जा."

"पाटलीणबाई, आईक तर खरं."

"आयुष्यभर ऐकलं बाबा. ह्यानं त्याचा बांध कोरला, त्यानं ह्याची शेळी कापली. आता कान बी थकले." तरी सुपारी कातरता कातरता सगळं ऐकलं. मंग काठी उचलली. "पाशा जाऊन राहिला म्हणतोस? चल. पर परत येतानी मला दारातच सोडायचं, रस्त्यावर न्हाई."

रूपाबाईच्या गोठ्यात ती दगडावर टेकली. सुने गोठे पाहायचा तिला कंटाळा आल्यावाणी दिसत व्हता.

"म्हैस आली त्या दिवशी वैरण खाल्ली?"

"खाल्ली की. म्या ढेपवाल्या दगडोबाकडून ताबडतोब सरकी ढेप आणली, ती घमेलंभर खाल्ली. सांजच्याला धार बी दिली. लई गुणी जनावर."

"नव्या दावणीला आलेली म्हैस पहिल्याच सांजेला धार देती?"

रूपाबाईनं रिकाम्या खुंट्याकडं पाहिलं. त्या वक्ताला तिला ते नशीब वाटलं व्हतं.

"चोरानं म्हैस दिली तवा अजून काय केलं?"

"काय न्हाई. माझं दावं घातलं तिला, त्याचं सोडून घेतलं, कमरेला गुंडाळलं आन् पळाला."

"गडबडीत व्हता म्हणतीस, आन् दावं सोडत बसला?"

"व्हय. गाठ सुटंना तर दातानं सोडली."

रुख्मिणीबाई सुपारी चघळता चघळता थांबली. "आन् तो मालक. तो रडला ते सांगितलंस. म्हैस काय करत व्हती?"

"म्हैस?" रूपाबाईनं आठवून पाहिलं. "रवंथ करत व्हती."

जीपमधी बसतानी रुख्मिणीबाई म्हणली, "ग्यानबा, जनावर धन्याला ओळखत न्हाई आन् परक्या दावणीला लाजत न्हाई. ही म्हैस घरची न्हाई राहिली, ही फिरती हाय. तू गावोगाव हिंडतोस. अजून कोणाच्या गोठ्यात अशी म्हैस आली आन् गेली?"

मी चाबी फिरवता फिरवता थांबलो. मला दोन गोठे आठवले.

३

पुसेगावचा तातेराव मोठा जमीनदार. मिशीला पीळ, आवाजाला त्याहून जास्त.

"म्हैस? कोणती म्हैस? ती भाच्याची व्हती. ठेवली व्हती, परत नेली."

"भाच्याचं नाव काय?" रुख्मिणीबाईनं इचारलं.

"पाटलीणबाई, तुमची पाटीलकी सुटली ना?" तातेरावानं दार लोटून घेतलं.

कनेरगाव नाक्याजवळ विजयकुमार. जवान पोरगा, दुधाची गाडी चालवतो. रूपाबाईची म्हैस गेल्यापासून गोरेगावातल्या हाटेलांना त्याचंच दूध जाऊन राहिलं. मला त्याच्यावरच डाऊट. तर तो म्हणतो, "आमच्याकडं व्हती एक. दोस्ताची. नेली त्यानं." बोलतानी गाडीचा आरसा पुसत राहिला. पुसून पुसून आरशाचा पारा निघंल असं वाटलं.

मंग दगडोबाच्या दुकानावर. दगडोबा ढेप आन् मीठ विकतो, टेंपोतून गावोगाव घालतो बी. मनमिळाऊ माणूस. आल्याबरोबर रुख्मिणीबाईला पोतं झाडून बसायला दिलं.

"पाशाच असंल, दुसरं कोण?" तो म्हणला. "मला बी वाईट वाटतं. पर दात पाहणारा तोच ना?"

शेवटी पाशाभाई. अंगणात खाटंवर बसलेला.

"पाशाभाई, तुमी दात पाहिले?"

"पाहिले. जनावर चांगलं. दुसरं-तिसरं वेत असंल."

"रूपाबाईला घे म्हणलात का?"

पाशाभाई उठून गेला. पानाची पिंक टाकून आला, परत बसला. "जे बोललो ते बोललो. आता काय?"

"तुमच्या नावाचा प्रश्न हाय."

"बाई, तिच्या सासूनं मला लहानपणी आपल्या लेकरात बसवून भाकर घातलीय. उस घर की बहू को मैं झूठी बोलू? त्यापरीस मी जातो. शहनाज बोलावून राहिली."

परत येतानी म्या म्हणलं, "म्हंजे रूपाबाई खोटं बोलती?"

"सगळेच बोलून राहिले." रुख्मिणीबाईनं डोळे मिटले. "भाचा न्हाई, दोस्त न्हाई. तिघांना बी एकाच म्हशीनं फसवलं, आन् तिघं बी मरतील पर ठाण्यात बोलणार न्हाईत. चोरीचा माल घेतला हे कोण म्हणंल? फसवणाऱ्यानं कुलूप लावलं न्हाई, त्यांच्याच तोंडानं त्यांना कुलूप लावलं. लई हुशार हाय मेला."

"मंग आता?"

"खरं बोलायला लावलं की माणूस खोटं बोलतो. आता खोटं बोलायला लावून पाहू. तुमी जीपवाले नाक्यावर टोपीचा खेळ खेळता ना?"

४

टोपीचा खेळ म्हंजे, सीट भरंस्तोवर आमी ढाब्यावर खेळतो तो. एक टोपी असती. ज्याच्या डोस्क्यावर टोपी त्यानं गोष्ट सांगायची, कोणी कोणाला कसं फसवलं त्याची. आपली म्हणून सांगायची न्हाई, दुसऱ्याची म्हणून सांगायची. वस्तू बी बदलायची, म्हंजे कोणाची गोष्ट हाय ते कळू नये. बाकीच्यांनी सवाल करायचे, प्रत्येकाला जबाब द्यायचाच. अडखळला की सगळ्यांचा चहा त्याच्याकडं. आन् खेळातलं खेळातच राहतं. त्याच्यावरून भांडण काढलं तर त्या माणसाला परत कोणी बसू देत न्हाई. दगडोबा ह्या खेळातला पटाईत. त्याला कधी चहा पाजावा लागला न्हाई.

रुख्मिणीबाईनं पाटीलकी सुटल्याचं जेवण ठेवलं, कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर, भर दुपारी. जिनं जन्मात कोणाला चहा पाजला न्हाई तिचं जेवण म्हणल्यावर कोण सोडतंय? तातेराव आला, विजयकुमार आला, दगडोबा आला. रूपाबाईला म्या आणलं. जेवणं झाल्यावर रुख्मिणीबाईनं टोपी काढली.

"आजची बारी चोरीच्या मालाची. चोरीचा म्हणून स्वस्तात घेतला आन् माणूस कसा फसला. चला, तातेराव."

तातेराव आधी नको म्हणला. पर जेवलेला माणूस अन् त्यात मिशीवाला. टोपी घातली.

"तर एक माणूस व्हता. आपल्या हिकडचा न्हाई, लांबचा. त्याला चोरीची मोटारसायकल आली. निम्म्या पैशात. लई गुणी मोटारसायकल. पहिल्या सांजेपासूनच खायला लागली—"

"मोटारसायकल?" म्या म्हणलं.

"म्हंजे... पेट्रोल खायला लागली!"

आख्खा ढाबा हासला. एक डायव्हर म्हणला, "मालक, धार किती द्यायची?" तातेराव लाल झाला, पर खेळ सोडवंना.

रुख्मिणीबाई हासली न्हाई. "देतानी चोरानं तिचं काही सोडून घेतलं का?"

"व्हय ना! साखळी. गडबडीत व्हता, तरी साखळी सोडून कमरेला गुंडाळली. काहून ते अजून कळलं न्हाई मला. म्हंजे त्या माणसाला."

चहा तातेरावावर. टोपी विजयकुमारकडं. त्यानं म्हशीची केली हिरीतली मोटार. मोटार बसवली, आठवड्यात मालक आला, मोटारीच्या गळ्यात पडून रडला.

"मोटारीला गळा कुठं असतो बे?" एक डायव्हर म्हणला.

"असतो कुठंतरी! तुमी ऐका ना!"

"आन् चोरानं काय सोडून घेतलं?" रुख्मिणीबाईचा तोच सवाल.

विजयकुमार तिच्याकडं पाहतच राहिला. "दोर. मोटारीचा दोर. तुमाला कसं म्हाईत?"

"काहून घेतला?"

"आता चोराच्या मनातलं मला काय ठाव?"

रूपाबाई पुढं सरकून ऐकत व्हती. तिला कळलं व्हतं, ती एकलीच फसली न्हाई.

टोपी दगडोबाकडं गेली. त्यानं ती तिरपी घातली, मांडी घातली आन् सुरू झाला. त्याच्या गोष्टीत सोन्याची पोत व्हती. सोनार काय म्हणला, बाई काय म्हणली, मालकीण येऊन कशी ऊर बडवून रडली, सगळं असं रंगवलं की डायव्हर लोकांचा चहा निवला. कुठं अडखळला न्हाई. म्या त्याला चार सवाल केले, चारी परतवले.

रुख्मिणीबाईनं काठीवर हनुवटी टेकवली. "आन् देतानी चोरानं काय ठेवून घेतलं, दगडोबा?"

"धागा. पोत ओवली व्हती तो धागा. मणी हातात दिले, धागा काढून घेतला."

"काहून?"

"आता घ्या!" दगडोबा हासला. "धागा कोणी देतं व्हय? घरची लक्ष्मी जाती संगं."

दोघं-तिघं हासले. मंग हासणं तुटत तुटत बंद पडलं. 

"कोणाच्या घरची?" रुख्मिणीबाईनं हळूच इचारलं.

दगडोबानं टोपीला हात लावला.

५

"आपण जनावर विकलं तर दावं देत न्हाईत," रुख्मिणीबाई बोलाया लागली. आवाजात जीत न्हाई, नुसता थकवा. "दावं गेलं तर गोठ्यातली लक्ष्मी जाती, हे तातेरावाला ठाव हाय, विजयकुमारला ठाव हाय, लहान पोराला बी ठाव हाय. पर तो धन्याचा रिवाज हाय. चोराची लक्ष्मी कुठं जाणार हाय? चोराला पळायचं असतं. दातानं गाठ सोडून दावं नेतो तो चोर न्हाई, त्याच्या मागं धनी असतो. म्हंजे म्हैस चोरीची नव्हतीच. विकणाराच्या घरची व्हती. आन् जो टेंपोतून रडत आला, तो मालक नव्हता. म्हणून म्हैस रवंथ करत राहिली."

तातेराव उठून उभा राहिला. रुख्मिणीबाईनं हातानं बसवलं.

"ह्या दोघांना इचारलं, दोर काहून नेला, तर म्हाईत न्हाई म्हणले. चोरीची समजत व्हते ना, मंग त्यांना कोडंच पडणार. तुला कोडं पडलं न्हाई, दगडोबा. घरची म्हणलास."

"खेळातलं हाय ते, पाटलीणबाई. खेळातलं खेळात."

"बरं. मंग खेळाबाहेरचं इचारते. म्हैस आली त्या दिवशी ढेप कोणाकडून आणली?"

"दगडोबाकडून," रूपाबाई म्हणली.

"माझ्याकडं बी ह्याचाच टेंपो आला व्हता," विजयकुमार म्हणला. तातेरावानं नुसती मान हलवली.

"पाशानं दात पाहिले ते एका गोठ्यात. तिन्ही गोठ्यांत कोणाचा खुंटा रिकामा, कोणाच्या मनात हाव, म्हैस कवा आली, हे ठाव असणारा एकच माणूस. तो गिऱ्हाईक हेरतो, आन् आठ दिसांनी रडणाऱ्याला पाठवतो."

दगडोबानं टोपी काढून मांडीवर ठेवली. 

"माझीच हाय ती," शेवटी म्हणला. "गाभण राहीना झाली. डागदर झाले, अंगारे झाले. दूध आटलं की खाटकाच्या दारात. जिवावर आलं. साडू म्हणला, असं एकदा करून पाहू. तो इकायचा, माझा मेव्हणा रडायचा. एकदाचं दोनदा झालं. मंग सवयच लागली." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "दावं तेवढं आणा, हे मीच सांगितलं व्हतं. काही बी झालं तरी जनावर माझं ना."

तातेरावानं त्याची गचांडी धरली. विजयकुमारनं सोडवली. खरं सांगतो, धरणाऱ्याच्या अंगात बी जोर नव्हता.

"उद्या ठाण्यात या, फसलेले तिघं बी," रुख्मिणीबाई उठली. "आन् रूपाबाई, तू थांब. पाशानं दात पाहून तुला काय सांगितलं व्हतं?"

रूपाबाईनं पदर तोंडाला लावला आन् माझ्या जीपमधी जाऊन बसली. 

६

ठाण्यात दोघंच आले. तातेरावाच्या भाच्याचं लगीन निघालं म्हणे अचानक. म्हैस वाशिमकडच्या साडूच्या मळ्यात सापडली, चार दिस ठाण्याच्या आवारात बांधली व्हती. तिथं बी पहिल्याच सांजेला धार दिली तिनं. जमादार म्हणला, असं सरळ जनावर पाहिलं न्हाई.

पर पाशाभाईचं काय? दगडोबा लबाड ठरला, तरी गाव म्हणायचं, पाशानं घे म्हणून सांगितलं व्हतंच ना. मधे त्याचा बी हिस्सा असंल. माणसाच्या नावाला लागलेलं असं सहज निघत न्हाई.

बाजाराचा दिवस आला. म्या जीप पाशाभाईच्या दारात लावली. एक पत्र्याची पेटी, वळकटी, कपड्याची पिशवी. सगळं टपावर बांधलं. बाजाराच्या तोंडाशी आलो तर गर्दी. रस्त्यात मधोमध रूपाबाई उभी.

"खाली उतरा, पाशाभाई."

"जाने दे बहू. देर हो रही."

"उतरा म्हणते ना."

तो उतरला. रूपाबाई जनावरांच्या मधात गेली, जिथं पाशाभाई उभा राहायचा तिथं. मायबाप, तिचा आवाज कधी चढलेला म्या ऐकला नव्हता.

"ऐका रे सगळे! ती म्हैस म्या चोरीची म्हणूनच घेतली! स्वस्त मिळती म्हणून घेतली! पाशाभाईनं दात पाहिले आन् मला म्हणलं, जनावर चांगलं हाय, पर माल चांगला न्हाई, ह्याला हात लावू नको बहू. म्या लावला. आन् फसल्यावर माझी अब्रू वाचवायला त्यांची घातली."

  ती बाई तिथंच उभी राहिली. हाटेलवाले पाहून राहिले, उद्या हिचं दूध घ्यावं का न्हाई ते ठरवून राहिले असतील. तिला ते बी ठाव असंल.

मंग एक म्हातारा शेतकरी गोऱ्ह्याची जोडी वढत पुढं आला. "पाशाभाई, जायाच्या आधी ह्यांचं वय तेवढं सांगा बरं. हा इकणारा चौसा म्हणतो."

पाशाभाईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मंग गोऱ्ह्याचा जबडा धरला.

"चौसा कुठून? दोनच दात हायेत, दुसा हाय अजून."

तासाभरानं तो जीपपाशी आला. हाताला गोऱ्ह्यांची लाळ. म्या म्हणलं, "मंग? सामान उतरवू?"

त्यानं टपाकडं पाहिलं. "शहनाजला येतो म्हणून सांगितलंय. बिर्याणीला चावल भिजवले असतील पोरीनं. जाना पडेगा." मंग हाताची लाळ पुसता पुसता हळू म्हणला, "पेटी उतरव. पिशवी राहू दे."